घरजावयाची चौकशी

जर्मनीत नोकरी लागली की आपल्याकडे पेढे वाटतात. ते खरं तर तिथे घर भाड्याने मिळाल्यावर वाटायला हवेत. म्युनिक किंवा बर्लिनमध्ये दोन खोल्या मागायच्या, तर तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, ‘शुफा’ या पत तपासणाऱ्या संस्थेचा दाखला, ‘यांच्याकडे भाडं थकलेलं नाही’ असं आधीच्या मालकाचं पत्र आणि वर स्वतःविषयी एक गोड निवेदन द्यावं लागतं. त्यात आपण सिगारेट ओढत नाही, कुत्रा पाळत नाही आणि एकंदरीत फारसे जगतच नाही, हे नम्रपणे सुचवायचं असतं. एवढं करून घर बघायला जावं, तर जिन्यात हीच फाइल घेतलेली रांग उभी. यावरून ‘हे लोक मुळातच संशयी’ असा निष्कर्ष काढायची आपल्याकडे पद्धत आहे. मला तो पटत नाही. घरमालक नावाचा प्राणी सदाशिव पेठेत आणि श्टुटगार्टमध्ये सारखाच संशयी असतो. त्याने तो संशय कधी वापरायचा, एवढंच कायदा ठरवतो.

जर्मनीतला भाडेकरार सहसा बेमुदत असतो. भाडेकरूने तीन महिन्यांची सूचना देऊन केव्हाही निघावं, मालकाला मात्र तशी मोकळीक नाही. घर स्वतःला किंवा घरच्यांना राहायला हवंय, भाडेकरूने करार मोडलाय, असं कायद्यात बसणारं कारण त्याला दाखवावं लागतं. भाडेकरूला आठ वर्षं झाली की सूचनेची मुदत नऊ महिन्यांवर जाते. भाडंही मनाला येईल तसं वाढवता येत नाही. ते परिसरातल्या सर्वसाधारण भाड्यापर्यंतच न्यायचं, आणि तेही तीन वर्षांत 20 टक्क्यांच्या आत. घरांची टंचाई असलेल्या शहरांत तर 15. अनामत रक्कम फार तर तीन महिन्यांच्या भाड्याएवढी, तीही भाडेकरूला तीन हप्त्यांत देता येते. थोडक्यात, तिथला भाडेकरू हा घरजावई आहे. एकदा उंबरठा ओलांडला की त्याला ‘कधी निघणार?’ असं विचारायची सोय नाही. मग सासऱ्याने आधीच सात पिढ्यांची चौकशी केली, तर त्याला दोष कसा द्यायचा?

या कायमपणाचा सर्वांत ठोस पुरावा स्वयंपाकघरात सापडतो, किंवा सापडत नाही. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या नावाखाली चार भिंती आणि भिंतीतून डोकावणारे दोन पाइप मिळतात. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी सगळं भाडेकरूचं. त्याने ते आणायचं, बसवायचं, जाताना उचकटून न्यायचं किंवा पुढच्याला विकायचं. छताला दिव्याऐवजी नुसत्या वायरी लोंबतात. आपल्याला ही कंजुषी वाटते. पण अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस सिंक विकत घेईल का? त्या देशात निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही.

‘आमच्याकडे बरं, टोकन दिलं की किल्ली!’ असं कुणी म्हणेल. किल्ली पटकन मिळते, कारण ती पटकन परतही घेता येते. आपल्या मालकांनाही घरजावई माहीत आहेत. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, आणि पागडीच्या खोल्यांत पिढ्या नांदल्या. त्यातून सुटायला मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा रस्ता धरला. त्यावर 1 फेब्रुवारी 1973 रोजी घरात असलेल्या लायसन्सवाल्यांनाच कायद्याने भाडेकरू करून टाकलं. तेव्हापासून अकरा महिन्यांचा करार म्हणजे मालकाचं रामरक्षा स्तोत्र आहे. जर्मन भाडेकरू एकदाच परीक्षा देतो, आपला दर अकरा महिन्यांनी. शिवाय ‘फक्त फॅमिली’, ‘अंडंसुद्धा चालणार नाही’ हे तोंडी प्रश्न वेगळेच.

खरा आक्षेप निराळा आहे: या पद्धतीत आतले सुखी आणि बाहेरचे उघड्यावर. हे मान्यच करावं लागतं. नव्याने आलेल्याचा पतदाखला कोरा असतो, आणि कोरा दाखला बघून मालकाचा चेहराही कोरा होतो. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करायची, तिला मालकाची सही हवी, आणि त्या नोंदीवाचून कर-क्रमांकापासून पुढची गाडी अडते. परकं आडनाव बघून नाकारणं 2006 च्या कायद्याने निषिद्ध आहे, पण उत्तरच न पाठवणं कुठल्या कलमात बसवणार? बर्लिनने 2020 मध्ये भाडी गोठवूनही पाहिली. आतल्यांचं भाडं उतरलं आणि बाहेरच्यांसाठीच्या जाहिराती आटल्या. पुढच्याच वर्षी, हा अधिकार राज्याचा नाही, असं सांगून घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

तरीही ज्याला घर मिळतं, त्याचं मत एका रात्रीत बदलतं. जुनं भाडं सोडवत नाही म्हणून तो दोन खोल्यांत दोन मुलं वाढवतो आणि बाहेरच्या रांगेबद्दल हळहळतो. बदली झालीच, तर मालकाला आपल्याच ओळखीतलं एक निर्व्यसनी मराठी जोडपं सुचवतो, आणि त्यांच्याकडून स्वयंपाकघराचे पैसे मोजून घेतो, ओट्यावरच्या हळदीच्या डागांसकट.