गेटवर कीपॅड ठोकून गेलेल्यास खुले पत्र

महाशय,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही.

मे महिन्यात तुम्ही आमच्या सोसायटीच्या गेटवर कीपॅड ठोकलात आणि ‘आता रात्रीच्या वॉचमनची गरज नाही’ असं छातीठोक सांगून पैसे घेऊन गेलात. हे नेरळ आहे, महाशय. माथेरानची 1907 सालची छोटी गाडीसुद्धा पावसाळ्यात इथून घाट चढत नाही. आणि तुम्ही ऑफिसातल्या काचेच्या दारावर लावायचा कीपॅड उघड्या खांबावर लावलात, वर वीतभर पत्रासुद्धा न टाकता! खोक्यावर ‘आयपी 65’ आहे का, एवढंच बघायचं होतं. सहा म्हणजे धूळ आत शिरत नाही, पाच म्हणजे पाण्याचा फवारा बसला तरी चालतं. दोन आकडे वाचायचे कष्टही तुम्हाला झेपले नाहीत.

जुलैत एका रात्री आईला घेऊन शेवटच्या कर्जत लोकलने उतरलो. पाऊस आडवा मारत होता. बटणांना उजेड नाही, म्हणून आईने मोबाइलचा टॉर्च धरला. रबराखाली पाणी साचलेलं, पाचाचं बटण आत रुतून बसलेलं. माझी आई सत्तरी ओलांडलेली. वीस मिनिटं ती स्वतःच्या दारात भिजत उभी होती. मग वीज गेली आणि गेट आपोआप उघडलं. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरतं. आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून ते तसंच बनवतात. त्यासाठीच जोडीला बॅटरी लागते. तीही तुम्ही खाल्लीत. घरच्यांना गेट बंद आणि अंधारात चोराला सताड उघडं, हे तुमचं काम.

शिवाय सगळ्यांना कोड एकच. दूधवाल्याला तोच, गॅसवाल्याला तोच. चार बटणांवरचे आकडे आताच पुसट झालेत. चार आकडी कोड दहा हजार प्रकारचे होतात. पण कुठली चार बटणं हे दिसलं, की उरतात फक्त 24. पोरंसोरं पाच मिनिटांत उघडतील.

हे डबडं काढून न्या. धातूच्या, मागून उजेड असलेल्या बटणांचा, पावसात टिकणारा कीपॅड आणा. घराघराला वेगळा कोड द्या, भाडेकरू गेला की त्याचा रद्द करता यावा. वर पत्रा, आत बॅटरी आणि अडीनडीला साधी किल्ली, एवढं करा.

तोवर आम्ही रात्री गेट नायलॉनच्या दोरीने बांधतोय.