चर्चमधली खिडकी आणि राजुरीचा कॅमेरा

चर्चच्या आतला फोटो काढणे हे छायाचित्रणातले तंट्याचे काम आहे, कारण तिथली खिडकी आणि तिथला कोपरा यांचे कधीच पटत नाही. बाहेर भर दुपारी सुमारे १ लाख लक्स ऊन असते. आत बाकांखाली १० लक्स सापडले तरी पुष्कळ. माणसाचा डोळा हा तंटा परस्पर मिटवतो. खिडकीकडे वळला की बाहुली बारीक करतो, कोपऱ्याकडे वळला की मोठी करतो, आणि मेंदू दोन्ही बाजूंचे ऐकून घेऊन एकच दृश्य हाती देतो. कॅमेऱ्याला मात्र एका क्लिकमध्ये एकाच बाजूने निकाल द्यावा लागतो. खिडकी राखली तर बाकांवरची माणसे नाहीशी होतात. माणसे राखली तर रंगीत काचेतला संत पांढऱ्या डागात विरघळतो.

प्रकाश दुप्पट झाला की एक ‘स्टॉप’ वाढला, असा हिशेब असतो. चांगला डिजिटल कॅमेरा एका फोटोत साधारण १२ ते १४ स्टॉप पेलतो. काचेमागे सूर्य आला की चर्चची मागणी त्यापुढे जाते. म्हणून एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो काढायचे आणि प्रत्येकातला चांगला भाग घेऊन एक फोटो जुळवायचा, या पद्धतीला हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेले एचडीआर, म्हणतात.

कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाट्याजवळ असलेल्या राजुरीत रंगीत काचांचे कॅथीड्रल नाही. तिथल्या फोटोग्राफरला हा धडा लेण्याद्रीला मिळतो. सुमारे ३०० पायऱ्या चढून, माकडांपासून पिशवी आणि लेन्सचे झाकण वाचवत माणूस सातव्या लेण्यात पोहोचतो. आत २० खोल्या आणि मधोमध एकही खांब नसलेला प्रशस्त मंडप; उजेड येतो तो फक्त दक्षिणेकडच्या दारा-खिडक्यांतून. दारातून खालचे खोरे छान दिसते, म्हणून नातेवाईक नेमके दारात उभे राहतात आणि फोटोग्राफर नेमका आत. निघालेल्या फोटोत खोरे पांढरेफटक आणि माणसे काळीठिक्कर. त्यातली मावशी कोणती, हे मग पदराच्या बाह्यरेषेवरून ठरवावे लागते, आणि त्यावरही घरात एकमत होत नाही.

तोड जुनी आहे. १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी घेऊन एकाच कागदावर छापत असे. डिजिटल एचडीआरची वाट मात्र खरोखरच एका चर्चमधून गेली. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधातले गाजलेले उदाहरण कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड मेमोरियल चर्चचे आहे. मलिक मूळचे मथुरेचे, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. त्या दृश्याचे १६ फोटो आहेत, पहिला ३० सेकंदांचा, शेवटचा सेकंदाच्या हजाराव्या भागाचा आणि मधला प्रत्येक आधीच्यापेक्षा एका स्टॉपने कमी. सूर्य उजवीकडच्या टोकाच्या रंगीत खिडकीच्या बरोबर मागे होता, म्हणजे साधा फोटोग्राफर जी वेळ टाळून चहाला जातो ती वेळ त्यांनी निवडली. या १६ फोटोंवरून संगणकाने प्रत्येक ठिपक्यावरच्या खऱ्या उजेडाचे गणित मांडले. पहिल्या फोटोचे ३० सेकंद कोणी हलायचे नाही ही अट दगडी भिंतींनी पाळली. वऱ्हाडी मंडळी ती कशी पाळतील, याचा विचार निबंधात नाही.

प्रत्यक्ष कृती अशी. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवावा. आयएसओ १०० च्या आसपास, छिद्र एफ-८ वर कायम, फोकस हाताने लावून तसाच ठेवलेला. बदलायचा तो फक्त शटरचा वेळ. छिद्र बदलले तर कुठपर्यंत स्पष्ट दिसायचे तेही बदलते आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने ३ ते ७ फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत, आणि बटण बोटाने न दाबता टायमरने दाबावे. फ्लॅशचा इथे उपयोग नाही. तो पुढच्या बाकावरची टकले उजळतो, अल्तारापर्यंत पोहोचत नाही, आणि लोक वळून बघतात ते वेगळेच.

खरी अडचण स्टँडची. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत त्यासाठी आधी परवानगी लागते. हातातल्या कॅमेऱ्याला हौस समजतात, त्याच कॅमेऱ्याला तीन पाय फुटले की धंदा. परवानगी नसेल तर बाकाच्या पाठीवर रुमालाची घडी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवणे हा सर्वमान्य उपाय आहे. मिस्सा चालू असताना मात्र तोही करू नये.

दुसरी अडचण हलणाऱ्या वस्तूंची. एका फोटोत असलेला आणि दुसऱ्यात नसलेला माणूस जुळवलेल्या फोटोत अर्धपारदर्शक होऊन राहतो. चर्चमध्ये अशी भुते विशेष वाईट दिसतात. परदेशी पुस्तके मेणबत्तीच्या ज्योतीपाशी थांबतात. आपल्याकडच्या पंख्याची गाठ त्यांना पडलेली नाही. लांब दांडीचा पंखा सेकंदाच्या साठाव्या भागात तीन पात्यांचा दिसतो आणि चार सेकंदांत करड्या चकतीचा. दोन्ही एकत्र आले की पाते असूनही नसल्यासारखा एक पदार्थ कमानीखाली लोंबतो. पंखे बंद करायला सांगावे हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मे महिन्यात ते कोणी सांगावे, एवढाच प्रश्न उरतो.

यापुढचा टप्पा टोन मॅपिंगचा. जमवलेला सगळा उजेड पडद्यावर मावत नाही, म्हणून तो दाबून बसवावा लागतो. फोटो बिघडतो तो इथेच. सॉफ्टवेअरमधल्या पट्ट्या उजवीकडे सरकवत नेल्या की खांबांभोवती तेजोवलय येते, दगडाची शीर न् शीर ताठ होते आणि चर्च आळेफाट्याच्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखे दिसू लागते. फ्लेक्सवर वलय निदान भावी सरपंचांच्या डोक्यामागे हेतुपुरस्सर घातलेले असते. चर्च बांधणाऱ्यांनी अंधारही बेतूनच ठेवलेला असतो. अल्तार उठून दिसावा म्हणून बाजूचे कोपरे मंद असतात. ते कोपरे लख्ख उजळले की फोटोत सगळे दिसते आणि बघायचे काय ते कळत नाही. कोपऱ्यात काहीतरी आहे एवढे जाणवले की पट्टी थांबवावी. गिऱ्हाइकाला मात्र सगळे दिसायला हवे असते, कारण पैसे त्याने पूर्ण फोटोचे दिलेले असतात.

कुलाब्याच्या अफगाण चर्चची (१८५८) अडचण सरळ आहे: पूर्वेला अल्तारामागे रंगीत काचा, सकाळी त्यांतून येणारे ऊन आणि अलीकडे काळोखी बाके. तिथे पाच फोटोंत भागते. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेत (१६०५) खिडकीपेक्षा सोने छळते. सोन्याचा मुलामा दिलेल्या भव्य अल्तारावर एखादीच झळाळी इतकी तीव्र येते की ती राखायला आणखी एक काळसर फोटो घ्यावा लागतो. शिवाय सेंट फ्रान्सिस झेव्हियरची चांदीची पेटी आहे, आणि चांदी समोर येईल त्याचा रंग घेते, त्यात फोटोग्राफरचा लाल टी-शर्टही आला. दिव्याचा पिवळा, ट्यूबलाइटचा हिरवट आणि आभाळाचा निळा हे रंगांचे भांडण मात्र फोटो कितीही जुळवले तरी मिटत नाही. ते वेगळे सोडवावे लागते.

आता हे सगळे मोबाइल स्वतःच करतो. २०१३ मध्ये गूगलने नेक्सस ५ मध्ये आणलेली पद्धत तर उलटीच होती. वेगवेगळ्या उजेडाचे फोटो न घेता मुद्दाम काळसर असे अनेक फोटो भराभर घ्यायचे, ते एकमेकांवर रचून त्यातला खरखरीतपणा घालवायचा आणि मग अंधार उचलायचा. राजुरीच्या जुन्नर तालुक्याला यात नवल वाटू नये. खोडदची महाकाय दुर्बीण ३० तबकड्यांनी गोळा केलेल्या क्षीण रेडिओलहरी एकत्र जुळवूनच आकाशाचे चित्र काढते. फरक एवढाच की तबकड्यांना ‘स्माइल प्लीज’ म्हणावे लागत नाही.

शेवटी छपाई. कागदावरचा सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा भाग यांतले अंतर चकचकीत कागदावरही साधारण १०० ते २०० पट भरते, मॅट कागदावर त्याहून कमी. म्हणून छापायचा फोटो पडद्यावर थोडा जास्त उजळ ठेवून एक छोटी चाचणी प्रत आधी काढावी. फ्रेमला साधी काच लावली आणि ती दाराच्या समोरच्या भिंतीवर टांगली, तर चर्चऐवजी अंगणातली मोटारसायकल दिसते. तेव्हा काच चमक न मारणारी घ्यावी, किंवा भिंत बदलावी. भिंत स्वस्त पडते.