काष्ठौषधीवाल्या काकू

इंग्रजी रहस्यकथांमध्ये एक सुखवस्तू पंथ आहे. तिथे खून पडतो, पण रक्त फारसं दिसत नाही. पोलीस असतात, पण नावापुरते. खुनी शोधून काढतं कोण, तर बेकरीवाली, नाहीतर झाडपाल्याच्या दुकानाची मालकीण. सुझन विटिग आल्बर्ट यांची चायना बेल्स ही त्यातली बडी असामी. ह्यूस्टनमधली फौजदारी वकिली सोडून ती टेक्ससमधल्या पेकन स्प्रिंग्ज या काल्पनिक गावात वनौषधींचं दुकान थाटते, आणि १९९२ साली आलेल्या पहिल्या कादंबरीपासून गावात जी मढी पडू लागतात ती थांबतच नाहीत. इतकं होऊनही दुकानाचं गिऱ्हाईक तुटत नाही, हे मला त्यातलं खरं रहस्य वाटतं.

आपल्याकडे हे खातं काष्ठौषधीवाल्या काकूंकडे असतं. बिचाऱ्यांच्या वाट्याला मढं मात्र येत नाही.

जुन्या पेठेत, भांड्यांच्या आणि पूजासाहित्याच्या दुकानांमध्ये चेपून बसलेलं हे दुकान आधी नाकाला सापडतं. वेखंड, नागरमोथा, भीमसेनी कापूर. मागे भिंतभर लाकडी खण, त्यांवरची नावं पुसून गेलेली. काकूंना ती पाठ, म्हणून पुन्हा कुणी लिहिलेली नाहीत. काकू तराजूमागे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुडीचा दोरा दातांनी तोडायची सवय, आणि नजर तुमच्या हातातल्या यादीवर. वाणसामानाच्या यादीतून फार तर तुमचा महिन्याचा खर्च कळेल. काष्ठौषधींच्या यादीतून तुमचं घराणं कळतं.

भर वैशाखात कुणी डिंक, अळीव आणि बाळंतशेपा मागितला, की काकू वजन करता करताच विचारतात, "मुलगी माहेरी कधी आली?" चाळिशीतल्या अविवाहित माणसाने माका, आवळकाठी आणि गव्हला कचोरा एकदम नेला, तर पत्रिका पुन्हा बाहेर पडली आहे हे काकूंना त्याच्या आईच्याही आधी ठाऊक. साखर आटोक्यात आल्याचं कट्ट्यावर सांगत फिरणारे गृहस्थ गुडमार आणि जांभळाच्या बियांची पूड घेताना "शेजाऱ्यांसाठी हवंय हो" म्हणतात. काकू मान डोलावतात. त्यांच्या हिशेबी या पेठेत स्वतःसाठी औषध नेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे; आजारी असतात ते सगळे शेजारी.

विषाचं म्हणाल, तर काकूंना त्याचं काडीचं अप्रूप नाही. बाळगुटीत उगाळायचं अतिविष आणि माणूस आडवा करणारा बचनाग एकाच कुळातले, हे त्या नव्या आईला इतक्या सहज सांगतात की ती पोर बाळ घट्ट धरून दोन पावलं मागे सरकते. बचनाग, कुचला वैद्याच्या चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही, हा दुकानाचा दंडक. एलिस पीटर्स यांच्या कॅडफेल या बाराव्या शतकातल्या मठवासी वैद्याची एक गोष्ट मी काकूंना एकदा सांगितली. १९८० सालच्या त्या कादंबरीत बचनागाच्या विलायती भावाचं, सांध्यांना चोळायचं तेल कुणीतरी जेवणात घालतं आणि यजमान खलास. काकूंनी खुनी कोण हे विचारलंच नाही. म्हणाल्या, "बाटलीवर नाव लिहिलं होतं का?"

त्यांची सर्वांत गाजू न शकलेली केस गेल्या चैत्रातली. एका घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत फळीपुढे बायका उभ्या. कुणाला सुंठ, कुणाला कुड्याची साल, कुणाला बेलफळाचा मगज. पेठेने निकाल देऊनही टाकला होता: आंब्याची डाळ नासली होती. काकू एकेकीची पुडी बांधत विचारत गेल्या. उलटी झाली? नाही. सुरू कधी झालं? पहाटे. तेवढ्यात मधुमेहवाल्या एक वहिनी आल्या, ठणठणीत, शिकेकाई न्यायला. त्यांनी डाळ दोनदा मागून खाल्ली होती, पन्ह्याला मात्र हात लावला नव्हता.

"नासलेली डाळ रात्रीसुद्धा झोपू देत नाही," काकू मला हळूच म्हणाल्या. "सात-आठ तास दम धरते ती सोनामुखी."

दुपारी त्याच घरचे आजोबा आले. सोनामुखीची पूड हवी होती. मित्रासाठी.

"अहो, चार दिवसांपूर्वीच शंभर ग्रॅम नेलीत. मित्र हयात आहे ना?"

आजोबांनी आजूबाजूला पाहिलं. पुडीवर काकूंनी नाव लिहिलेलं. सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी पूड वेलचीपुडीच्या रिकाम्या बरणीत ओतून ठेवली होती. आता बरणी साफ. "घरात कुणीतरी संपवली," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा आंबट झाला.

कादंबरीत असतं तर काकूंनी सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून बरणी मधोमध ठेवली असती. पण गिऱ्हाइकाचं पोट गल्ल्यापलीकडे जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा दंडक. त्यांनी नवी पुडी बांधली, सोबत रिकामी डबी दिली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'दंतमंजन' लिहिलं आणि पैसे घेतले.

यंदाही त्या घरी हळदीकुंकू झालं. बायकांनी डाळीला बोट लावलं नाही. पन्हं मात्र दोन-दोन पेले घेतलं.