बोटांचे चोचले

मी प्रस्तरारोहण शिकायला लागलो तेव्हा घरात एकच घोषा होता: पडशील. प्रत्यक्षात मी पडलो फारसा नाहीच, सोलला गेलो.

चाळिशी उलटल्यावर माणसाने योगासनं करावीत. मी पोरांबरोबर हंपीला बोल्डरिंगला, म्हणजे मोठाल्या धोंड्यांवर चढायला, गेलो. आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट बारीक कणांचा. हंपीचा ग्रॅनाइट म्हणजे क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पारचे जाड, टोकदार स्फटिक. खवणी आणि खोबरं यांचं जे नातं, तेच त्याचं आणि बोटांचं.

पोरं उजाडायला चढत आणि मग उन्हं कलल्यावर. खडक गार असला की घाम कमी येतो, पकड चांगली बसते. मी इडली-चटणी निवांत आटोपून अकराला उगवलो. खडक तापलेला, हात घामेजलेले. तेव्हा गारव्यासाठी मी तुंगभद्रेत दोन्ही हात मनसोक्त बुडवून ठेवले. भिजलेली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी आधी फाटते, हे ज्ञान मला खडकानेच दिलं. वरून चॉक चोपडला. हा फळ्यावरचा खडू नव्हे, मॅग्नेशियम कार्बोनेट. तो घाम शोषतो, अक्कल पुरवत नाही.

तिसऱ्या पकडीवर हात सटकला. मधल्या बोटाच्या मुळाशी मी अभिमानाने जोपासलेला घट्टा कडेने उचकटला आणि झाकणासारखा उघडा पडला. याला ही मंडळी ‘फ्लॅपर’ म्हणतात. आत गुलाबी, ओलसर, अत्यंत खासगी असं काहीतरी दिसत होतं.

“काका, घट्टा घासत नाही का तुम्ही?” आमच्या शिक्षिकेने विचारलं. वय असेल बावीस-तेवीस. घट्टा उंच वाढू दिला की तो खडकाच्या कडेत अडकतो आणि मुळासकट निघतो. म्हणून तो कानशीने सपाट ठेवायचा. मी तर तो पाहुण्यांना दाखवत असे! तिने जखम धुतली, लोंबती कातडी नेलकटरने कापली आणि वर झिंक ऑक्साइडची टेप गुंडाळली. मग मी जेवायला बसलो आणि सवयीने सांबार-भात हाताने कालवला. पुढचं लिहीत नाही. शेजारच्या टेबलावरचा इस्रायली पर्यटक मात्र उठून उभा राहिला होता.

घरी आल्यावर पथ्य सुरू झालं. हात धुऊन चॉक काढायचा, रात्री मेणाचं मलम चोळायचं, घट्टे घासायचे.

“अहो, माझी टाचेची कानस कुठंय?”

“वापरतोय.”

“आणि माझं क्रीम?”

“तेही.”

“लग्नात हळदीला पाच मिनिटं बसवेना तुम्हाला!”

सोमवारी ऑफिसातल्या हजेरीच्या यंत्राने मला ओळखायला साफ नकार दिला. अंगठा, तर्जनी, सगळं दाबून पाहिलं. ठसे हंपीच्या खडकावर राहिले होते. रजेचा अर्ज भरावा लागला. कारणाच्या रकान्यात ‘कातडी नाही’ असं लिहिलं, ते साहेबांना भलत्याच अर्थाने पटलं.

तेव्हा हंपीला निघालेल्यांनो, सामानात नेलकटर, कानस, टेप आणि जेवणासाठी एक चमचा जरूर टाका. दोर विसरलात तरी चालेल. बोल्डरिंगला तो लागतच नाही.