केसांच्या गल्लीतल्या काकू

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात शाम्पूच्या गल्लीत जरा वेळ रेंगाळा, काकू भेटतातच. सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या असतात. साडी, त्यावर मुलाचं जुनं जाकीट, पायांत बूट. सून डायपर शोधायला वळली की काकू मोकळ्या होतात. समोर एखादी कृष्णवर्णीय बाई शिया बटरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचत उभी असली, की मग त्यांना राहवत नाही.

"कोकोनट ऑइल," काकू म्हणतात. "डेली. अँड कोंब."

ज्या समाजातल्या मॅडम सी. जे. वॉकर यांनी शंभरावर वर्षांपूर्वी इंडियानापोलिसमध्ये केसांच्या औषधांचा कारखाना चालवला, त्या समाजातल्या बाईला हा सल्ला! पण काकूंचा अभ्यास दांडगा. ही माणसं केस धुवत नाहीत, हे त्यांना मुंबईहून निघतानाच ठाऊक असतं. खरं तर बारीक कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, वळणावळणावर अडतं. म्हणून ते कोरडे राहतात, रोज धुतले तर आणखी कोरडे होतात आणि कोरडेच विंचरले तर तुटतात. म्हणून धुण्याचा एक वार ठरवायचा, कंडिशनर थापायचं, रुंद दातांच्या फणीनं टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जायचं. यात दिवस जातो. रात्री वर साटिनची टोपी. काकू स्वतःही केसांवरून न्हातात त्या रविवारीच. पण ते शास्त्र.

काही दुकानांत पूर्वी कृष्णवर्णीयांच्या केसांसाठीचा माल काचेच्या कपाटात कुलपात असे आणि शेजारचा शाम्पू उघड्यावर. वॉलमार्टनं ही रीत बंद करत असल्याचं जाहीर केलं ते २०२० साली. काकूंनी मागच्या खेपेला ती कुलपं पाहून 'यात केशर असणार' असा निष्कर्ष काढला होता. गिऱ्हाइकाला चोर समजत असतील, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

"ऑफिसात चालतात असे केस?" हा पुढचा प्रश्न. चालावेत म्हणून कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियानं तो सर्वांत आधी, २०१९ मध्ये केला.

"पण वाढत कसे नाहीत?" यावर ती बाई एक बट धरून खाली ओढते. बट खांद्याखाली पोचते, सोडताच सर्रकन कानापाशी परत. काकूंचा हात आपोआप पुढे येतो. बाई सवयीनं पाऊलभर मागे सरते; असे हात तिला लिफ्टमध्ये, ऑफिसात, रांगेत भेटतच असतात, आणि त्यातले बहुतेक साडीतले नसतात.

मग ती गल्लीच्या टोकाला टांगलेलं एक पाकीट काढून काकूंच्या हातात देते. आत लांबसडक काळे केस. वर छापलेलं: शंभर टक्के मानवी, भारतीय.

काकू किंमत रुपयांत करतात आणि गप्प होतात. तिरुपतीच्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, ते परदेशी जातात, एवढं त्यांनी पेपरात वाचलेलं असतं. व्हिसा मिळावा म्हणून बोललेल्या नवसाचे स्वतःचे केस त्यांनी तिथेच उतरवलेले. डायपर घेऊन परतलेल्या सुनेपुढे त्या पाकीट नाचवतात.

"बघ गं! मी व्हिशाच्या रांगेत उभी होते, तेव्हा हे इथे येऊन विक्रीला लागलेसुद्धा!"