पीडीएफ हाय, काय होते?

ऑगस्ट २०२५. शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं आवतन आलं. नंबर अनोळखी, तारीख ३० ऑगस्ट, पत्रिका पीडीएफसारखी. भल्या माणसानं ती उघडली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

एवढा आहेर सख्ख्या मामानंही केला नसता.

ती पीडीएफ नव्हतीच. पत्रिकेचा शालू नेसलेलं एपीके, म्हणजे फोनात ॲप बसवणारी फाईल होती. वाशिमकरांनी हसू नये. ५ ऑक्टोबर २०२४ ला पीएम किसानचा १८वा हप्ता आपल्याच पोहरादेवीहून सुटला, आणि हप्त्याच्या नावानं फिरणारी बनावट ॲप्सही काही कमी नाहीत.

मग खरी पीडीएफ तरी सोवळ्यातली असते का?

ॲडोबी रीडरमध्ये २००९ मध्ये फट निघाली. फाईल नुसती उघडली, की चोराचा प्रोग्राम सुरू. २०२१ मध्ये तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच. तिन्ही वेळा कंपनी दुरुस्ती घेऊन पोचेपर्यंत चोर आत जाऊन आले होते.

कागद दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रोग्राम चालवायची हौस कशाला? तर पीडीएफमध्ये जावास्क्रिप्ट चालते म्हणे. सातबाऱ्यात सोयाबीन की तूर, एवढंच बघायचं असतं. त्याला जावास्क्रिप्ट कशाला हवी? रीडरच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तिची टिक काढायला अर्धा मिनिट लागतो.

तेवढा वेळ काढणारा अजून भेटायचाय.

आता रिसोड, मानोरा, कुठल्याही तालुक्याचं सेवा केंद्र घ्या. काउंटरवर विंडोज ७ दिसलं तर दचकू नका. १४ जानेवारी २०२० पासून त्याला त्याच्याच कंपनीनं वाऱ्यावर सोडलंय. त्यात रीडर अकरावा. तो ऑक्टोबर २०१७ पासूनच निराधार. अपडेटची कटकट नको म्हणणाऱ्यांची सोयच झाली. अपडेट येणंच बंद!

विचारलं तर उत्तर तयार : ‘चालू हाय ना भाऊ, मंग कायले हात लावता?’

याच मशीनच्या डाउनलोड फोल्डरात अख्ख्या गावाचे आधार, पासबुकं, सातबारे पडलेले. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, हो. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. गावात हे कोणाला ठाऊक नसतं?

गंमत पुढंच आहे. अस्सल सरकारी आधार उघडला की रीडर त्याच्या सहीवर प्रश्नचिन्ह लावतो. ते घालवायला ऑपरेटर राइट क्लिक करतो, मग ओके, ओके, ओके. बोटाला सवयच लागली. चोराची फाईल आली तरी बोट तेच आणि ओकेही तेच.

गिऱ्हाईक म्हणतं, व्हॉट्सॲप केलंय, काढून द्या. एप्रिल २०२५ मध्ये विंडोजवरच्या व्हॉट्सॲपमध्येच खोट निघाली : दिसायला फोटो, उघडायला गेलं की प्रोग्राम. २.२४५०.६ या आवृत्तीत दुरुस्ती झाली. काउंटरवर कोणती आवृत्ती आहे, हे विचारून बघा. चहा पाजतील, आवृत्ती नाही सांगणार.

सरकार झोपलेलं नाही बरं का. दिल्लीची सर्ट-इन ही सायबर सुरक्षा संस्था अशा फटींच्या सूचना नेमानं काढते. इंग्रजीत.

शहाणा म्हणेल, रीडरच काढून टाका, पीडीएफ क्रोममध्ये उघडा. तो आपला आपण अपडेट होतो. सल्ला चोख आहे. फक्त विंडोज ७ वर क्रोमही १०९ व्या आवृत्तीपाशी येऊन थांबलाय.

म्हणजे मशीनच बदला. पैसे नाहीत, असं केंद्रचालक म्हणतो, आणि ते खरंही असेल. झेरॉक्स मशीनचा मेकॅनिक मात्र एका फोनवर येतो. कारण झेरॉक्स बंद पडली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. रीडरमधून चोर शिरला तर गिऱ्हाइकाचं खातं रिकामं होतं, दुकान दुसऱ्या दिवशी नऊला उघडतं.