परत येण्याचा पुरावा

परदेशी जायला काय लागतं, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी ‘पैसे’ म्हणालो असतो. आता म्हणतो, परत येण्याचं सबळ कारण. तुम्ही तिकडे जाऊन काय पाहणार, काय खाणार, याच्याशी वकिलातीला फारसं देणंघेणं नसतं. तुम्ही तिथेच मुक्काम ठोकणार नाही ना, एवढाच तिच्या जिव्हाळ्याचा विषय.

ही चौकशी तशी जुनीच, फक्त पूर्वी ती इकडच्या बाजूनं व्हायची. 1883 साली आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना कुणी व्हिसा मागितला नाही. अडवायला आपली माणसं पुरेशी होती. समुद्र ओलांडून आलेल्या बाईला पंगतीत घ्यायचं की नाही, हा तेव्हाचा प्रश्न. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत त्यांनी सांगून टाकलं, की हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. माझ्या हिशेबी मराठी माणसाचं पहिलं कव्हर लेटर ते. माझं फार उशिरा लिहिलं गेलं आणि त्याचा मजकूर व्हिसाच्या एजंटनं सांगितला.

निमित्त होतं बायकोच्या भाच्याचं. तो स्टुटगार्टला इंजिनिअर आहे आणि तिथल्याच मुलीशी त्याचं जमलं. जर्मनीत लग्न कायद्यानं लागतं ते सरकारी नोंदणी कचेरीतच. नवरदेव भारतातला असेल तर तो खरोखर मोकळा आहे ना, हे पाहायला त्याचे कागद आधी तिथल्या वरिष्ठ न्यायालयात जातात. भाच्याचे कागद असेच गेले होते आणि महिनोन्‌महिने तिथे नांदत होते, त्यामुळे आम्ही निवांत. मग एका संध्याकाळी फोन आला. कागद पास झाले होते, आणि कुणा जोडप्यानं रद्द केलेली तारीख याला मिळाली होती. त्या जोडप्याचं काय फिसकटलं देव जाणे, पण त्यांच्या मोडलेल्या मुहूर्तावर आमचा मुलगा उभा राहणार होता. दाते पंचांगात त्या दिवशी मुहूर्त नव्हता, पण नगरपालिकेच्या पंचांगात होता, आणि लग्नाला महिनाही उरला नव्हता.

‘‘व्हिडिओवर बघू की,’’ मी म्हटलं.

‘‘अहो, बारशाला त्याच्या कानात नाव मी सांगितलंय,’’ बायको म्हणाली. ‘‘पाठीत धपाटे मी खायचे आणि लग्नाला मात्र मोबाइलवर बसायचं?’’

आत्याच्या या युक्तिवादावर वरचं न्यायालय नाही. मी नियम वाचायला बसलो.

आम्हाला हवा होता तो शेंगेन व्हिसा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं लहानसं गाव. 14 जून 1985 रोजी तिथे नदीतल्या बोटीवर बसून पाच देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्यानं उठवायचं ठरवलं. आज हे कुटुंब 29 देशांचं आहे. एकमेकांमधली कुंपणं काढल्यावर उरलेली तार त्यांनी बाहेरच्या बाजूला लावली असावी, असं अर्ज भरताना वाटतं. अर्ज प्रवासाच्या निदान 15 दिवस आधी द्यायचा. निर्णयाला 15 दिवस, आणि गरज पडली तर 45. ही ‘गरज’ कुणाला पडायची, ते आपल्या हातात नसतं.

पण अर्ज द्यायला आधी स्लॉट हवा. पुण्यात पुढच्या दोन महिन्यांतली एकही तारीख हिरवी दिसेना. आमच्या जिन्यातला इंजिनिअरिंगचा मुलगा मदतीला आला. ‘‘काका, रात्री रिफ्रेश करत बसायचं. लोक कॅन्सल करतात.’’ त्या दिवसांत आम्ही तत्काळ तिकिटाच्या खिडकीसमोर उतारू बसतात तसे लॅपटॉपसमोर बसलो. हिरवा चौकोन उमटायचा, आणि पासपोर्ट नंबर टाकेपर्यंत दुसऱ्या कुणाचा तरी व्हायचा. अखेर एका मध्यरात्री मुंबईचा, सकाळी आठचा स्लॉट मिळाला. भाच्याची तारीख कुणीतरी रद्द केलेली, आमची वेळही कुणीतरी रद्द केलेली. सगळं लग्नच इतरांच्या कॅन्सलेशनवर उभं होतं.

मग कागद. पहिला फोटो, 35 बाय 45 मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहऱ्यानं 70 ते 80 टक्के जागा व्यापलेली, हसणं मना. आमच्या स्टुडिओवाल्यानं सवयीनं मला दोन छटा गोरा केला आणि गालावरचा तीळ पुसला. ‘‘तीळ परत लाव,’’ म्हटल्यावर तो हिरमुसला. म्हणाला, ‘‘फॉरेनला जाताय म्हणून केलं, काका.’’

विमा किमान 30,000 युरोचा. त्यात आजारपणाचा खर्च येतोच, शिवाय माणूस तिकडे दगावला तर त्याला मायदेशी पोचवण्याचाही. म्हणजे चालत या किंवा विम्याच्या खर्चानं या, पण या.

ऑफिसचं पत्र. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे साहेब मला वर्षानुवर्षं सुनावत आले आहेत. त्यांच्याच सहीनं आता लिहून मिळालं, की सदर कर्मचारी आमच्याकडे महत्त्वाच्या पदावर असून रजा संपताच ते कामावर रुजू होतील. मी त्याची एक प्रत घरी ठेवली आहे. पगारवाढीच्या वेळी लागेल.

बँकेचं स्टेटमेंट तीन महिन्यांचं. मेहुण्यानं उदार होऊन म्हटलं, ‘‘दोन-चार लाख टाकतो तुमच्या खात्यात, वजन दिसेल.’’ एजंट ओरडलाच. अचानक आलेले पैसे संशयास्पद दिसतात म्हणे. मेहुण्याकडून अचानक आलेले पैसे मलाही संशयास्पदच वाटले असते.

खरी मेख होती आत्या ही आत्याच आहे, हे सिद्ध करण्यात. आमच्या घरी तेव्हाच्या रिवाजानं लग्नात मुलीचं नाव बदललं. अंगठीनं तांदळात नवं नाव लिहिताना फार छान वाटलं होतं. आता जन्मदाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरीच. पहिली माझ्या मेहुण्याची बहीण, दुसरी माझी बायको, आणि दोघींचा एकमेकींशी कागदोपत्री संबंध काय, तर राजपत्रातली एक चिमुकली ओळ. ते राजपत्र माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली सापडलं. भावाचा जन्मदाखला, बहिणीचा जन्मदाखला, विवाह नोंदणी, राजपत्र आणि भाच्याचा दाखला, अशी पाच कागदांची माळ ओवल्यावर कुठे ती बाई आपल्या भावाची बहीण ठरली.

‘‘काका, रूट्स दिसले पाहिजेत,’’ एजंट म्हणाला. ‘‘प्रॉपर्टी, लोन, काय असेल ते लावा.’’

ज्या गृहकर्जानं माझी झोप उडवली, ते त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडलं. अजून इतके हप्ते बाकी असलेला माणूस पळून जाणार नाही, अशी जगभर समजूत आहे. सातबाराही लावला. वाईजवळच्या त्या जमिनीवर चुलत-आत्ते मिळून इतकी नावं आहेत, की माझ्या वाट्याला दोन सतरंज्या अंथरण्याइतकी जागा यावी. पण हुकमाचं पान त्याच्या मागे होतं. त्या जमिनीचा दिवाणी दावा वडिलांच्या हयातीपासून चालू आहे, आणि पुढची तारीख नेमकी आम्ही परतल्यानंतरच्या आठवड्यात होती. भावबंदकीच्या तारखेला मराठी माणूस स्वर्गातूनही हजर होतो. जर्मन अधिकाऱ्याला आणखी काय हमी द्यावी?

‘‘लावा, लावा,’’ बायको म्हणाली. ‘‘तुमच्या घरातली भांडणं आता सातासमुद्रापार जाऊ देत.’’

मुंबईच्या व्हिसा केंद्रात काउंटरमागच्या मुलीनं फाइल सराईतपणे सोलली. स्टेटमेंट घेतलं, साहेबांचं पत्र घेतलं, आत्यापणाची माळ घेतली. दाव्याचे कागद मात्र परत सरकवले. ‘‘हे नको, काका.’’ इतक्या वर्षांच्या वैराची अशी बोळवण मला लागली.

माणशी 90 युरो फी, वर केंद्राचं शुल्क, नकार आला तरी परत न मिळणारं. मग बोटांचे ठसे. माझे उमटले, बायकोचे यंत्र घेईना.

‘‘मॅडम, बोटं जरा घासा.’’

‘‘घासूनच तर गेलेत ते,’’ बायको म्हणाली. ‘‘संसार झालाय माझा.’’

मुलगी मनापासून हसली, ओला रुमाल आणला, आणि पुन्हा पुन्हा दाबल्यावर दहाही बोटं एकदाची युरोपच्या दप्तरी जमा झाली.

त्यानंतर फक्त वाट पाहणं. वेबसाइटवर रोज एकच वाक्य, अर्ज विचाराधीन आहे. बायकोनं तोवर नवरीसाठी पैठणी घेतली, फॉलबिडिंग करून घेतलं आणि व्हिसा आला नाही तर ती कुणाला द्यायची, हेही ठरवून ठेवलं. विमानाच्या आदल्या दिवशी कुरिअर आलं. पासपोर्टवर व्हिसा चिकटला होता आणि त्यावर आम्ही मागितले तेवढेच दिवस छापले होते, चहापुरताही जास्त नाही.

आनंदानं पेढे घेऊन मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. घर बंद राहणार, लक्ष असू द्या, म्हटलं. त्यांनी पेढा तोंडात टाकला, वहीत नाव शोधलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘‘जर्मनीनं तपासलंय म्हणता, म्हणजे परत येणारच तुम्ही,’’ ते म्हणाले. ‘‘तरी तीन महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ भरून जा.’’